बाई गप्प, म्हणजे रस्ता मोकळा

द्वारका, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

बहिरूदादा,
नमस्कार. काकूला आणि पूजावहिनीलाही सांग.

फोन असताना पत्र कशाला लिहितोय हा, असं वहिनी म्हणतील. त्याला कारण आमच्या ऑफिसातल्या स्वानंदी मॅडम. तुझ्या पिकअपमध्ये मागच्या आठवड्यात मी जो रस्ता बघून बोलणारा डबा बसवून गेलो, तो त्यांनी बनवलाय. आतली बाई बोलते तो आवाजही त्यांचाच. त्यांचं म्हणणं असं, की ड्रायव्हरला फोनवर विचारलं तर तो ‘चांगलं आहे, चांगलं आहे’ म्हणून विषय मिटवतो. लिहायला बसला की खरं सांगतो. म्हणून प्रत्येकाला आठवड्याला एक फॉर्म. तू तुझा फॉर्म कोराच परत दिलास. ‘नजर ठीक आहे का’ एवढ्याच ओळीपुढे बरोबरची खूण. मग मीच त्यांना म्हणालो, आमचा दादा फॉर्म भरणाऱ्यातला नाही, पण पत्र लिहील. आठवीच शिकलास खरा, पण बाजारातली भांडणं तू सांगावीस आणि आम्ही ऐकावीत.

माझं काम सोपं आहे. ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि बाई कधी बोलली की तो शिव्या देतो ते टिपायचं. असलं काम जगात असतं हे मास्तरांनी आधी सांगितलं असतं, तर निदान बारावी पुरी केली असती. द्राक्षाच्या पॅकहाऊसात चार महिने, शिर्डीच्या लॉजवर सहा, मग नुसताच भटकलो. फिरणं हेच काम असलेली ही पहिलीच नोकरी.

परवा कसारा घाटात मनोज म्हणून एक ट्रकवाला होता. पाय ब्रेकवर, कपाळावर घाम, मागे चौदा टन माल. आणि बाई म्हणते, ‘टाकीत डिझेल कमी आहे.’ मनोज म्हणाला, ‘बाई, आधी जगू दे, मग भरतो.’ मी लिहून घेतलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं, घाटात फक्त घाटाचंच बोलायचं. इथे आमच्या द्वारकेच्या चौकात वेगळंच. नुसतं ‘उजवीकडे वळा’ म्हणून भागत नाही, उजवीकडे म्हणजे नेमकं कुठे? तिथे बाईने चौकाच्या आधी सांगावं आणि चौकात तोंड मिटावं. मोकळ्या हायवेला माणूस पेंगतो, तिथे बोललेली बरी.

तर तू लिही. ती कुठे हवी, कुठे नको. काही लपवू नकोस.

तुझा
गोरक्ष


येवला
२६ नोव्हेंबर

चि. गोरक्षास आशीर्वाद.

तुझा कागद पोचला. आई म्हनली, पोरगं कुठं अडकलं का काय, पत्र कशाला आलं. वाचून दाखवलं तवा जीव खाली पडला तिचा.

डब्याचं सांगतो. लाल कांदा चालू झाला, विंचूरच्या बाजाराला रोज पहाटं गाडी भरून जातो. गेटाबाहेर ट्रॅक्टर, पिकअप, सगळ्यांची लाईन. माणूस दोन हात पुढं सरकतो, थांबतो. पुढं ट्रॉली, मागं ट्रॉली, आन तुझी बाई घसा फोडून वरडती, ‘समोर वाहन जवळ आहे, समोर वाहन जवळ आहे.’ अगं बये, बाजार हाय, जवळच असनार! काल मागचा ट्रॅक्टरवाला उतरून आला. म्हनला, ‘बहिरू, वहिनीला गाडीत घेऊन आला का काय? लय बोलत्यात.’ सगळी लाईन हासली. दोन तास ते ऐकून डोकं भनभनतं, मंग लिलावात भावाकडं ध्यान लागत नाय. लाईनीत तिचं तोंड बंद कर. तेवढं कर.

बाकी रस्त्यावर मातर तिला हात लावू नको. आवाजबी कमी करू नको. पहाटंला ती बरी पडती. पुढं बैलगाडी हाय, पुढं मानूस हाय, मोप लांबून सांगती. मॅडमला सांग, पडद्यावर अक्षरं कमी आन बोलनं जास्त ठेवा. अक्षरं कोन वाचतो.

पूजा म्हनती, भाऊजींना जेवायला घाला. ये.

बहिरू


द्वारका, नाशिक
६ डिसेंबर

बहिरूदादा,

काम झालं! सोमवारपासून विंचूरच्या बाजारात बाई गप्प. गाडी तिथे पोचली की जवळचे सगळे इशारे आपोआप बंद आणि बाजार सोडला की आपोआप चालू. तुला बटण दाबायचं नाही, काही नाही. बंद असताना पडद्याच्या कोपऱ्यात बारीक पिवळी खूण येईल, तेवढीच.

आता रागावू नकोस. मंगळवारी मी पहाटेच्या एसटीने तुझ्याकडेच निघालो होतो. मॅडमनी सांगितलं होतं, तीन वेगवेगळ्या सकाळी विंचूरला जा, लाईन कुठून कुठे लागते ते पायी चालून बघ, खुणा कर, मग नकाशावर तेवढाच भाग आख. मी येवल्याला तुझ्या घरी उतरून तिथून तुझ्याबरोबर जाणार होतो. पण स्टँडवरून येताना एका दारातून खटखट ऐकू आली म्हणून डोकावलो. पैठणीचा माग. दादा, आपण लहानपणापासून येवल्यात, पण मी एकदाही नीट बसून बघितलं नव्हतं. पदरावर मोर उठत होता, एकेक धागा. विणणाऱ्या काकांना म्हटलं, चुकलं तर? म्हणाले, ‘चुकलं की तिथवर उसवायचं. पुढं रेटलं की पदरभर चूक दिसते.’ चार तास बसलो. चहा दोनदा झाला. उठलो तेव्हा बाजाराची वेळ टळून गेलेली, आणि मला संध्याकाळी नाशकात पोचायचं होतं.

मग ऑफिसात बसून नकाशावरच आखलं. तू सांगितलंस तेवढ्यावरून अंदाज आला. मॅडमना म्हणालो, जाऊन आलो. चालतं एवढं.

वहिनींचं जेवण राहिलं माझं.

गोरक्ष


येवला
१७ डिसेंबर

चि. गोरक्ष,

बेस झालं बाबा. लाईनीत आता गपगार. चहा पिऊन लिलावाला उभं राहातो, डोकं शांत. मागचा ट्रॅक्टरवाला विचारतो, ‘वहिनी रुसल्या का?’

थंडी लय पडली. निफाडाकडून धुकं येतं, सकाळी आठपर्यंत हात दिसत नाय. पर मी भ्येत नाय आता. बाई शहानी झाली तुझी. उगाच तोंड उघडत नाय. बोलली की समजायचं काहीतरी हाय, गप्प म्हंजे रस्ता मोकळा. तिच्यावर गाडी सोडून देतो म्हन ना.

तू बाजारात चालून बगायला येनार व्हता, ते आता नाय आला तरी चालंल.

बहिरू


द्वारका, नाशिक
२ जानेवारी २०२५

बहिरूदादा,

वहिनींचा फोन आला होता. तू फोन बंद करून कपाटात टाकलास म्हणाल्या. वाजला की तू दचकतोस. म्हणून लिहितोय.

काय लिहू. त्या म्हणाल्या, विंचूरला जाताना धुक्यात एका बाईला गाडी लागली आणि ती तिसऱ्या दिवशी गेली. तुला जामिनावर सोडलंय. जेवत नाहीस. एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

तुला कुठे लागलं का? पोलिसांना तू काय सांगितलंस? नेमकं कुठे झालं, बाजारात की अलीकडे? डब्याचं कुणी काही विचारलं का? मला हे कळायला हवं म्हणून विचारतोय. ऑफिसच्या कामासाठी.

मी येणार होतो. पण वर्षअखेरीची खूप कामं आहेत.

गोरक्ष


येवला
१० जानेवारी

चि. गोरक्ष,

लागलं नाय मला. बंपरबी फुटला नाय.

चोवीस तारखंची गोष्ट. सकाळी सातच्या पुढं. बाजार दीड किलोमीटर राह्यला आसंल, जिथं व्यापाऱ्यांची कांद्याची खळी सुरू होत्यात तिथं. बाया रोज त्या रस्त्यानं खळ्यावर कांदा निवडायला जात्यात, मला ठावं हाय. डोक्याला टॉवेल, हातात डबा. धुकं लय. मी चाळीसनं व्हतो. पाय ब्रेकवर ठेवला व्हता. मंग मनात म्हनलं, बाई गप्प हाय, मोकळाच हाय. आन पाय काढला.

बयाबाई नाव तिचं. पन्नाशीची. बायांच्या रांगेत शेवटची व्हती.

आता तुला एक सांगतो, घरात पूजाशिवाय कुनाला ठावं नाय. माझा डावा डोळा दोन वर्षं झाली, धुरकट हाय. डॉक्टर म्हनला पडदा खराब झालाय, साखरंमुळं. लायसन जाईल म्हनून बोललो नाय. तुझ्या फॉर्मवर खोटी खूण केली. तुझी बाई आली तवा वाटलं, देवानं डोळा धाडला. म्हनून तुला लिहिलं व्हतं, रस्त्यावर तिला हात लावू नको.

पर त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नाय. ती बोलली आसंलच. ती कवाच चुकली नाय. म्हंजे डोळ्यामागं कानबी गेला माझा. पूजा पाठीमागं उभी राहून वाटी वाजवती आन इचारती, ‘ऐकू आलं का?’ मी म्हनतो आलं. ती म्हनती, ‘खरं सांगा.’ आता मला घरात बसल्या बसल्या ती बाई ऐकू येती. ‘समोर मानूस आहे.’ रस्त्यावर नाय ऐकू आली ती.

पोलिसांना म्हनलो, धुक्यात दिसली नाय. डोळ्याचं सांगितलं नाय. गाडी दारात हाय, चावी आईकडं दिली.

तू आला नाहीस.

बहिरू


द्वारका, नाशिक
१५ जानेवारी

बहिरूदादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

डोळ्याचं तू मला तरी सांगायचं होतंस. पण ते जाऊ दे. कानाचं म्हणशील तर इथे एक चांगले कानाचे डॉक्टर आहेत. मागे त्यांच्याकडे माझा एक मित्र गेला होता, तो पॅकहाऊसातला, त्याच्या कानात द्राक्षाचा देठ गेला होता. तीन दिवस तो म्हणत होता कानात कुणीतरी कुजबुजतंय. डॉक्टरांनी देठ काढून त्याच्या हातात दिला. अशा गोष्टी होतात. येवल्यातही तपासून देतील. तू तपासून घे. कधीकधी थंडीने कान बसतो.

काल संक्रांत. येवल्याचं आकाश आठवलं. इथे पतंग आहेत, पण तशी मजा नाही. तिळगूळ पाठवला आहे.

मॅडमनी गाडीतला डबा मागवून घेतला ते वहिनींनी सांगितलं असेलच. ते आपलं नेहमीचं. त्याची काळजी करू नकोस.

कान मात्र दाखव.

गोरक्ष


येवला
२७ जानेवारी

चि. गोरक्ष,

तू सांगितलं म्हनून कान दाखवला. कानाला यंत्र लावून अर्धा तास आवाज ऐकवले. डॉक्टर म्हनला, ‘तुमचे कान विशीतल्या पोरासारखे हायेत.’ पूजा हासली. महिन्यानं हासली ती. मला मातर हासू आलं नाय.

कारन कान चांगला हाय म्हंजे मला ऐकू आलंच आसंल. आन ऐकूनबी मी पाय काढला. दुसरं काय? डब्यात बिघाड आसता तर तू सांगितलं आसतंस. तू म्हनतोस नेहमीचंच हाय. म्हंजे डबा चांगला, कान चांगला. खोट माझ्या मनात हाय. रात पडली की तेच. भाव उतरायच्या आत पोचायचं व्हतं, ते मला आठवतंय. मानूस म्हनून मी आसा हाय, हे मला आता कळलं.

वकिलाला म्हनलो, मला जबाब बदलायचा हाय. इशारा ऐकला आन थांबलो नाय, आसं लिहून देनार. तो वरडला माझ्यावर. म्हनला, ‘कलम वाढंल, वर्षानुवर्षं आत जाशील, येडा झाला का?’ मी म्हनलो जे खरं ते. सोमवारी, तीन तारखंला, ठाण्यात जायचंय. आधी बयाबाईच्या घरी जाऊन त्यांना सांगनार हाय, की मी ऐकलं व्हतं.

आई इचारती गोरक्षाचं काय म्हननं हाय. तुझं काय म्हननं हाय?

बहिरू


द्वारका, नाशिक
३० जानेवारी

दादा,

बाई बोललीच नाही. तुझे कान चांगले आहेत आणि तुझं मनही चांगलं आहे. बयाबाईच्या घरी जाऊन तसं काही सांगू नकोस.

बाजारापुरते इशारे बंद करायचे म्हणून मी नकाशावर जे वर्तुळ काढलं, ते गेटापासून दोनशे-तीनशे मीटर हवं होतं. मी विंचूरला चालून बघितलं नव्हतं. लाईन किती लांब जाते माहीत नव्हतं. कमी पडायला नको म्हणून सगळीकडून दोन किलोमीटर धरलं. बोटाने ओढलं, दोन मिनिटांत. खळी त्यात येतात, बायांचा रस्ता त्यात येतो, हे मला माहीत नव्हतं, कारण मी माग बघत बसलो होतो.

डब्यातली नोंद मी बारा तारखेला बघितली. मागचं पत्र लिहायच्या आधी. सात वाजून आठ मिनिटांनी डब्याला समोर माणूस दिसला. दिसला, दादा. थांबता येईल इतक्या लांबून दिसला. आणि माझ्या वर्तुळात होता म्हणून गप्प राहिला. हे माहीत असताना मी तुला द्राक्षाच्या देठाची गोष्ट लिहिली.

मॅडमनी विचारलं तेव्हा ‘मशीन बिघडलं असेल’ म्हणालो होतो. काल खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ‘तो आवाज माझा आहे, गोरक्ष,’ एवढंच म्हणाल्या, आणि बाकीच्या गाड्यांमधली असली सगळी वर्तुळं तिथल्या तिथे बंद केली.  मग म्हणाल्या, तू जाऊन आलास का हे मी नुसतं विचारलं, तपासलं नाही.

सोमवारी नोंदीचा कागद आणि माझं लेखी घेऊन आम्ही दोघं ठाण्यात येतोय. त्याआधी तू काही लिहून देऊ नकोस. हे पत्र टपालात टाकत नाही, येवल्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. तो तुझ्या घरी पोचवेल. मीच यायला हवं होतं. तुझ्यासमोर हे तोंडातून निघेल याची खात्री नव्हती.

डोळ्याचं आधी कळलं असतं तर वर्तुळ नीट काढलं असतं, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं. तुझे दोन्ही डोळे चांगले असते तरी ते नीटच काढायला हवं होतं.

आईबाप गेल्यावर तू मला तुझ्या ताटात जेवू घातलंस. मी वहिनींना तुझ्या कानामागे वाटी वाजवायला लावली.

गोरक्ष


येवला
९ फेब्रुवारी

गोरक्ष,

ठाण्यात तू आन मॅडम आला तवा मी तुझ्याकडं बगितलं नाय. राग व्हता. अजून हाय. किती दिवस राहील ते ठावं नाय, म्हनून इचारू नको.

तुझं पत्र आलं तवा पैल्यांदा वाटलं, सुटलो. सांगायला लाज वाटती, पर वाटलं. पूजा रडली, आईनं देवापुढं दिवा लावला. दोन घास पोटभर जेवलो. जेवता जेवता डोळ्याचं आठवलं आन हात थांबला. तुझं लेखी झाल्यावर मी माझंबी दिलं. डोळा दोन वर्षं खराब हाय, ठावं असून गाडी चालवली, फॉर्मवर खोटं लिहिलं. वकील आता माझ्याशी बोलत नाय. लायसन जमा केलं. पुढं जे व्हईल ते व्हईल.

काल बयाबाईच्या घरी गेलो. दारात तिची सून व्हती, लंकाबाई. तिनं मला वळखलं. आत ये म्हनली नाय, जा बी म्हनली नाय. मी ओट्यावर बसलो आन सगळं सांगितलं. माझ्या डोळ्याचं, डब्याचं, तुझ्या वर्तुळाचं. तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच धरून ऐकत व्हती.

झाल्यावर म्हनली, ‘म्हंजे तुम्ही डब्याच्या भरवशावर. डबा तुमच्या भावाच्या भरवशावर. त्यांच्या मॅडम त्याच्या भरवशावर.’

मी म्हनलो, व्हय.

‘आन आमच्या आत्याबाई कुनाच्या भरवशावर चालल्या व्हत्या?’

  ती आत गेली नाय. तिला उत्तर पायजे हाय, गोरक्ष. मी म्हनलो, भावाला घेऊन येतो.

ये.

बहिरू